बरणीतलं सापाचं पिल्लू खात नाही: नेमकं कुठं अडतंय आणि काय करायचं

पाऊस नीट लागला की महिन्याभरात एकाच प्रकारचे फोन सुरू होतात, ते ऑक्टोबर संपेपर्यंत थांबत नाहीत. घरात, अंगणात किंवा पार्किंगमध्ये सापाचं वीतभर पिल्लू सापडलेलं असतं. घरातल्या मुलानं ते बरणीत भरलेलं असतं. ‘बिनविषारी आहे, काही करत नाही’ असं शेजारच्या कुणीतरी सांगितलेलं असतं. दोन-चार दिवस सगळे कौतुकानं बघतात आणि मग काळजी सुरू होते. खात नाही, पाणी पीत नाही, नुसतं कोपऱ्यात गोळा होऊन पडतं. विचारणारा बहुतेक वेळा शाळा-कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी असते आणि ती मनापासून विचारत असते. आजूबाजूचे लोक काठी घेऊन धावत असताना या पोरांना तो जीव जगवावासा वाटला, याचं मला फार अप्रूप आहे. म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

उत्तर आधी सांगतो आणि मग कारणं. रानातून आलेलं सापाचं पिल्लू बरणीत खात नाही, यात तुमची काळजी कमी पडत नाही आणि बरणी बदलून, भांडं बदलून, खाऊ बदलून ते सुटत नाही. त्याला जे हवंय ते घरात देता येत नाही. एकच उपाय लागू पडतो, तो म्हणजे ते लवकरात लवकर योग्य माणसाच्या हातून जिथून आलं तिथं परत जाणं. तोपर्यंत ते जिवंत राहावं आणि घरातलंही कुणी जिवानिशी जाऊ नये, यासाठी पुढचं सगळं आहे.

आधी झाकण, मग खाणं

“काका, पिल्लू काहीच खात नाहीये.”

“झाकण घट्ट आहे का? आणि हातात घेतलंस का त्याला?”

“हो, रोज घेतो. चावत नाही.”

हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. सापाची ओळख पटेपर्यंत बरणी उघडायची नाही, हा पहिला आणि बाकी सगळ्यांच्या वरचा नियम. चावत नाही याचा अर्थ विष नाही असा होत नाही. मण्यार दिवसा इतकी मवाळ असते की डोकं वेटोळ्यात खुपसून पडून राहते. रात्री तीच वेगळी असते.

पिल्लाला विष कमी असतं, ही समजूत मनातून काढा. पिल्लाचं विष मोठ्या सापापेक्षा जहाल असतं, ही उलटी अफवाही सोडा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांची पिल्लं जन्मतात तीच विषाचे दात आणि विष घेऊन. मोठ्या सापापेक्षा त्यांच्याकडे विषाचा साठा कमी असतो, पण माणसाला दवाखान्यात न्यायला तो पुरतो. पिल्लू चावलं तरी धावपळ तेवढीच करायची.

आमच्याकडे सगळ्यात जास्त घोळ होतो तो कवड्या आणि मण्यार यांच्यात. कवड्या बिनविषारी, घराघरांत सापडणारा, पालींवर जगणारा. मण्यार आपल्याकडच्या अतिविषारी सापांपैकी. दोन्ही गडद रंगाचे, दोन्हींच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे, दोन्ही रात्री फिरणारे. फरक असा: कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, रुंद आणि पिवळट असतात, कुशीकडे उतरताना त्यांना फाटे फुटतात आणि शेपटीकडे ते पुसट होत जातात. मण्यारचे पट्टे बारीक, पांढरेशुभ्र, बऱ्याचदा जोडीजोडीनं असतात आणि शेपटीच्या टोकापर्यंत ठळक राहतात. मोठ्या मण्यारची मान बहुतेक वेळा कोरी असते. तिच्या पाठीच्या मधोमध षटकोनी खवल्यांची एक ओळ बाकीच्या खवल्यांपेक्षा मोठी असते. कवड्याचं डोकं चपटं आणि मानेपेक्षा रुंद असतं, तर मण्यारचं डोकं मानेपासून वेगळं उठून दिसत नाही.

वाचताना हे सोपं वाटतं. समोर मात्र पेन्सिलीपेक्षा बारीक जीव असतो, काचेमागे वळवळत असतो, आणि मण्यारच्या पिल्लाच्या मानेजवळही पट्टे किंवा ठिपके असू शकतात. मोठ्या सापाच्या खुणा पिल्लाला लावून लोक फसतात. अंगावर आडवे पट्टे असलेलं कुठलंही काळं-तपकिरी पिल्लू जाणकारानं नाव सांगेपर्यंत मण्यार धरूनच चालायचं.

दुसरा घोळ अजगराचा. “अजगराचं पिल्लू सापडलंय, पाळू का?” असं विचारणाऱ्याच्या बरणीत घोणस निघते, आणि हे नेहमीचं आहे. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. एका वेळी वीस-चाळीस पिल्लं म्हणजे तिच्यासाठी साधी गोष्ट, त्यामुळे पावसाच्या तोंडावर आणि सुरुवातीच्या महिन्यांत शेतात, बांधावर, नव्या सोसायट्यांच्या कुंपणाशी ती एकदम दिसायला लागतात. घोणशीच्या पाठीवर गडद कडा असलेल्या लांबट गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, साखळी ओवल्यासारख्या. अजगराचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळणारे असतात. डुरक्या घोणस हा तिसरा साप. नावात घोणस असली तरी तो बिनविषारी, आखूड आखडलेल्या शेपटीचा. या तिघांची पिल्लं शेजारी ठेवली तर नवखा माणूस हमखास चुकतो.

कोकणात, विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे, फुरसं आणि मांजऱ्या यांचं असंच आहे. दोघांच्याही डोक्यावर बाणासारखी खूण असते. शिवाय फुरसं मुळातच लहान चणीचा साप. ज्याला तुम्ही ‘पिल्लू’ म्हणताय ते पूर्ण वाढलेलं फुरसं असू शकतं. धामणीच्या आणि नागाच्या पिल्लांतही लोक गोंधळतात. नागाचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्यापासून फणा काढू शकतं, पण प्रत्येक वेळी काढेलच असं नाही, त्यामुळे फणा दिसला नाही म्हणून धामण ठरवू नका.

ओळखीसाठी फोटो पाठवायचे असतील तर असे काढा. बरणी बंदच ठेवायची, काच बाहेरून पुसायची, फ्लॅश बंद, आणि खिडकीच्या उजेडात झूम करून काढायचे: वरून अख्खं अंग, डोकं वरून, डोकं बाजूनं, पाठीचा मधला भाग आणि शेपटी. व्हॉट्सअ‍ॅपवर हलणारा व्हिडिओ पाठवू नका, त्यात खवले दिसत नाहीत. शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढला तर लांबीचा अंदाज येतो. आणि फोटोवरून कुणी नाव सांगितलं म्हणून हातात घ्यायला परवानगी मिळाली, असं समजू नका.

खात का नाही

आता मूळ तक्रार. कारणं बरीच असतात आणि बहुतेक वेळा एकदम दोन-तीन लागू असतात.

पिल्लू अगदी नवीन असेल तर त्याला भूकच नसते. अंड्यातून बाहेर पडताना पोटात बलकाचा उरलेला साठा असतो. पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडा-दीड आठवडा, बहुतेक पिल्लं काही खात नाहीत. हा काळ लोकांना उपासमारीचा वाटतो आणि मग तोंड उघडून काहीतरी कोंबायचा प्रकार होतो. सापाच्या जिभेच्या मागेच, तोंडाच्या तळाशी श्वासनळीचं तोंड असतं. पिल्लाचा जबडा काडीइतका नाजूक. चमचा, ड्रॉपर, टूथपिक यांनी जबडा निखळतो किंवा खाऊ श्वासनळीत जातो. जबरदस्तीनं भरवणं हे पशुवैद्यांचं काम आहे आणि तेही नाइलाज झाला तरच.

दुसरं कारण खाण्याचं. बरणीत काय काय टाकलेलं असतं ते बघून वाईट वाटतं: दूध, उकडलेलं अंडं, चिकनचा तुकडा, भात, गांडूळ, कणकेची गोळी. साप हलणारं, जिवंत, आपल्या जातीच्या सवयीचं भक्ष्य ओळखतो. आणि प्रत्येक जातीचं भक्ष्य वेगळं. कवड्याच्या पिल्लाला लहान पाली हव्यात. नानेटीला छोटे बेडूक आणि बेडकाची पिल्लं. दिवडाला बारीक मासे, बेडूक. हरणटोळाला सरडे. मण्यारीचं पिल्लू दुसरे छोटे साप खातं. आणि न्हाणीघरात सापडणारा तो काळा, गांडुळासारखा दिसणारा वाळा तर मुंग्या आणि वाळवीची अंडी-अळ्या खाऊन जगतो. आता सांगा, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रोज मुंग्यांची अंडी कुठून आणणार? पाली आणि बेडूक पकडून आणायचे म्हटलं तर एका जिवासाठी रोज दुसरे जीव घरात आणून मारायचे, आणि त्यांच्या पोटातले जंत सापाला द्यायचे. कोंडलेल्या, दमलेल्या पिल्लाला ते झेपत नाहीत.

दुधाबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण नागपंचमीच्या आसपास हे फार वाढतं. साप सस्तन प्राणी नाही. त्याच्या पोटात दूध पचवायची सोय नाही. तहानेनं व्याकूळ झालेला साप समोर येईल ते द्रव पितो, म्हणून दूध पिताना दिसतो. त्यातलं काही फुप्फुसात जातं, काही पोटात नासतं. दूध पाजून ‘तरतरीत झालं’ असं सांगणाऱ्यांचं पिल्लू दोन दिवसांनी मेलेलं असतं.

तिसरं कारण तापमानाचं, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही. साप स्वतःच्या अंगात उष्णता तयार करत नाही. ऊन-सावलीत सरकत सरकत तो अंगाचं तापमान राखतो आणि त्यावर त्याचं पचन चालतं. बरणीत त्याला सरकायला जागाच नसते. फरशीवर ठेवलेली बरणी, वर पंखा किंवा एसी, म्हणजे तो गार पडतो आणि गार पडलेला साप खात नाही. खाल्लं तर पोटात कुजतं आणि तो ओकून टाकतो. हे कळल्यावर काहीजण बरणी गच्चीत उन्हाला ठेवतात. हे तर सगळ्यात वाईट. बंद काच उन्हात काही मिनिटांत इतकी तापते की आतलं पिल्लू वळवळून मरतं, आणि ती वळवळ बघून ‘आता अंगात जोर आला’ असं वाटतं.

चौथं कारण भीती. चारी बाजूंनी पारदर्शक काच, सतत तोंडं डोकावतायत, बरणी या हातातून त्या हातात. ज्याला सगळेच खातात, अशा जिवाला उघड्यावर असणं म्हणजे मरणाच्या दारात उभं असणं. साप लपल्याशिवाय खात नाही. ‘आता मला ओळखायला लागलाय, शांत झालाय’ असं मुलं सांगतात तेव्हा समजावणं अवघड जातं, कारण त्यांचा जीव जडलेला असतो. पण ते शांत होणं भीतीनं थिजणं असतं, नाहीतर त्राण संपत आल्याचं.

बाकीच्या तक्रारी, थोडक्यात

*डोळे निळसर-पांढरे झालेत, आंधळं झालं का?* नाही. कात टाकायची वेळ आली की डोळ्यांवरच्या पारदर्शक खवल्याखाली द्रव जमतो आणि डोळे दुधी दिसतात. काही दिवसांत आपोआप स्वच्छ होतात. या काळात त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे ते चटकन दंश करतं. डोळ्यांत कसलेही थेंब घालू नका.

*कात अर्धवट चिकटून राहिली.* बरणीतली हवा कोरडी आणि घासायला खडबडीत काही नाही, म्हणून. ओढून काढू नका, खालची कातडी सोलते. ओलसर सुती फडकं आत असलेल्या डब्यात राहिलं तर बहुतेक वेळा सुटते.

*नाकाचा शेंडा सोलवटलाय.* याचं कारण झाकणात दडलेलं असतं. झाकणाला भोकं पाडताना आपण खिळा बाहेरून आत ठोकतो. पत्र्याच्या कडा आतल्या बाजूला उभ्या राहतात, कळ्यांसारख्या. पिल्लू रात्रभर हवेच्या वासानं तिथंच नाक घासत राहतं. सकाळी झाकणाच्या आतल्या बाजूला रक्ताचे बारीक ठिपके दिसतील. भोकं नेहमी आतून बाहेर पाडायची, म्हणजे धार बाहेर राहते. जखमेला हळद, डेटॉल, टूथपेस्ट काही लावू नका.

*तोंड उघडं ठेवून श्वास घेतंय, तोंडाशी बुडबुडे येतात.* छातीचा संसर्ग आहे. हा घरगुती विषय नाही, वनखात्यामार्फत पशुवैद्याकडे जायला हवं, आणि आजच.

*अंगावर छोटे गोचीड आहेत.* रानातल्या सापांवर असतातच. चिमट्यानं उपटू नका, रॉकेल तर मुळीच लावू नका. सापाची कातडी ते शोषून घेते.

*बरणीतून पळालं, घरातच आहे.* हा फोन बहुधा रात्रीच येतो. मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना त्या खोलीतून बाहेर काढा. दाराखालची फट ओल्या टॉवेलनं बंद करा. जमिनीवर अंथरूण घालून झोपू नका, पलंगावर मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचून झोपा. स्वतः फर्निचर हलवत, हात घालत शोधू नका. पिल्लू फ्रिजच्या मोटरमागे, चपलांच्या रॅकमध्ये, पायपुसण्याखाली, पडद्याच्या दुमडीत सापडतं. सर्पमित्र येईपर्यंत टॉर्चनं फक्त नजर ठेवायची.

*चावलं.* पट्टी आवळून बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ लावायचा नाही. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा, हात-पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. सर्पदंशावरची लस तिथं मिळते. साप सोबत नेण्याची गरज नसते. मण्यार चावल्यावर सूज नसते, दुखत नाही, कधी कधी दाताची खूणही दिसत नाही. नंतर पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, बोलताना जीभ अडखळते. म्हणून ‘काही होत नाहीये’ म्हणून घरी थांबू नका, किमान एक दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली राहा.

कायदा काय म्हणतो

मुलांना हे सांगताना मी घाबरवण्याचा सूर लावत नाही, पण लपवतही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि २०२२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. आपल्याकडच्या सापांना या कायद्याचं संरक्षण आहे. कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दात मारण्याबरोबर पकडणंही येतं. घरात ठेवणं हा गुन्हा आहे आणि साध्या उल्लंघनालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अजगर कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, तिथं शिक्षा तीन वर्षांपासून सुरू होते. मांडूळ हा साप तर कुणी गंमत म्हणूनही घरी ठेवू नये. त्याच्याभोवती गुप्तधनाच्या अंधश्रद्धेतून तस्करीचा बाजार उभा आहे आणि घरात मांडूळ सापडलेल्या माणसाकडे पोलीस त्याच नजरेनं बघतात.

त्याच कायद्यात एक वाटही आहे. वन्यप्राणी कुठल्याही कारणानं तुमच्या ताब्यात आला, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत वनाधिकाऱ्याला कळवायचं असतं. म्हणजे आज सकाळी पिल्लू बरणीत गेलं असेल तर उद्या रात्रीपर्यंत वाट बघू नका, आत्ता फोन लावा. स्वतःहून कळवणाऱ्या मुलाला वनखात्यातले लोक रागावलेले मी तरी पाहिलेले नाहीत. उलट बसवून साप कुठला ते समजावून सांगतात.

माणूस येईपर्यंत

महाराष्ट्र वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक १९२६ आहे. तिथं किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात फोन करा, तिथून नोंदणीकृत सर्पमित्राचा संपर्क मिळतो. सर्पमित्राला दोन प्रश्न जरूर विचारा: वनखात्याकडे नोंद करणार का, आणि कुठं सोडणार. जो साप घरी नेतो, चार दिवस शाळांमधून दाखवत फिरतो, गळ्यात घालून फोटो काढतो, त्याच्या हाती पिल्लू देऊ नका. त्याची बरणी तुमच्या बरणीपेक्षा चांगली नसते.

तोवर बरणी जशी आहे तशी एका बादलीत ठेवा, बादलीवर झाकण आणि झाकणावर वजन. वर सुती चादर टाका म्हणजे अंधार होईल. घरातल्या शांत, सावलीच्या जागी, जमिनीपासून उंच नाही आणि मुलांच्या हाताला लागेल असंही नाही. एसी नको, ऊन नको. खायला काही देऊ नका, एक-दोन दिवसांच्या उपासानं साप मरत नाही. बरणी कोरडी ठाक असेल तर झाकणाच्या भोकांतून पाण्याचे चार थेंब काचेवर सोडा, तेवढ्यावर त्याची तहान भागते. झाकण उघडून पाण्याची वाटी ठेवू नका. एकतर तुमचा हात आत जातो आणि दुसरं म्हणजे बरणी हलली की पिल्लू पाण्यात निपचित पडतं.

सोडण्याबद्दल एक हट्ट धरा. ‘लांब डोंगरात नेऊन सोडतो’ हे ऐकायला छान वाटतं, पण सापाला आपल्या परिसरातली बिळं, पाणी, भक्ष्य, ऊब हे सगळं माहीत असतं. अनोळखी जागी सोडलेला साप भटकत राहतो, रस्त्यावर येतो, मोरांच्या आणि मुंगसांच्या तावडीत सापडतो. पिल्लू सापडलेल्या जागेच्या जवळच, माणसांची वर्दळ नसलेल्या कडेला, त्याच अधिवासात सोडलं तर त्याची जगायची शक्यता जास्त. हे सर्पमित्राला माहीत असतंच, पण सोसायटीचे लोक ‘लांब न्या, लांब न्या’ म्हणून त्याच्या मागे लागतात. तुम्ही त्याच्या बाजूनं उभे राहा.

मग मुलाच्या हौसेचं काय

पिल्लू नेलं की पोर हिरमुसतं. ‘दुकानातला साप चालतो ना?’ असा पुढचा प्रश्न येतो. बॉल पायथनसारखे परदेशी साप भारतात पाळले जातात, पण वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या (CITES) प्रजातींची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते आणि कागदपत्रांशिवाय मिळणारा प्राणी बहुतेक तस्करीतून आलेला असतो. असा साप वीस-तीस वर्षं जगतो. त्याला तापमान राखलेली पेटी लागते, उंदीर लागतात, सापांचा डॉक्टर लागतो, आणि तो डॉक्टर जिल्ह्याच्या गावातही सहज मिळत नाही. दहावीतल्या मुलाच्या पहिल्या पाळीव प्राण्यासाठी माझं उत्तर नाही असंच आहे.

पण ज्याला साप बघवतो, ज्याला त्याची भीती वाटत नाही, अशा मुलाला रिकाम्या हातानं परत पाठवू नये. पुण्यात असाल तर त्याला कात्रजच्या सर्पोद्यानात घेऊन जा. १९८६ मध्ये नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकारानं ते उभं राहिलं आणि पुढं महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयाचा भाग झालं. तिथं काचेआड घोणस आणि अजगर दोन्ही निवांत बघता येतात, आणि फोनवर तासभर सांगून जे डोक्यात शिरत नाही ते पाच मिनिटांत कळतं. एक वही करायला सांगा: तारीख, पाऊस होता का, जागा, साप काय करत होता, दोन फोटो. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ते फोटो टाकले की जाणकार नावं सांगतात. अशी वही दोन पावसाळे ठेवलेलं पोर गल्लीत कुठला साप निघाला ते लांबून ओळखतं, आणि काठी घेऊन आलेल्या मोठ्या माणसांना अडवतं.

दरवर्षी पिल्लं येतातच, ती का

एक पिल्लू सापडलं, आठवड्यात दुसरं, मग तिसरं. लोकांना वाटतं आई बदला घ्यायला फिरतेय. खरी गोष्ट साधी आहे: जवळपास अंडी घातली गेली होती आणि सगळी पिल्लं एकाच सुमारास बाहेर पडली. आपल्याकडे बहुतेक सापांच्या आया अंडी घालून निघून जातात. पिल्लं वाट फुटेल तिकडे जातात आणि दाराखालची फट त्यांना पुरते.

कवड्या घरात का येतो, हे एकदा रात्री दिव्याखाली उभं राहून बघा. दारावरच्या पांढऱ्या ट्यूबवर किडे, किड्यांसाठी पाली, पालींमागे कवड्या. तो खरबरीत भिंत आणि पाइप सहज चढतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरही सापडतो. दारावरचा दिवा पिवळा करा किंवा गरज नसताना बंद ठेवा, साखळी तिथंच तुटते. वाळा कुंडीतल्या मातीतून किंवा मोरीच्या जाळीतून येतो. त्याच्यापासून कुणाला काही धोका नाही, तो कानात शिरत नाही. कागदावर घेऊन त्याला कुंडीच्या मातीत परत जाऊ दिलं की झालं, पण तो खरंच वाळा आहे याची खात्री फोटो पाठवून करून घ्या.

फिनाईल, कार्बोलिक अ‍ॅसिड, लसूण, घासलेट, अंगणात लावलेली ‘साप पळवणारी’ झाडं, यांतल्या कशानंही साप थांबत नाही. कार्बोलिक अ‍ॅसिडनं सापाची आणि तुमच्या मुलांच्या पायांची कातडी मात्र भाजते. आणि उंदरांसाठीचे ते चिकट पुठ्ठे जमिनीवर लावणं बंद करा. त्यावर पाल चिकटते, पालीमागे आलेलं पिल्लू चिकटतं आणि रात्रभर धडपडून स्वतःची कातडी सोलून घेतं. तसं अडकलेलं सापडलं तर ओढू नका. पुठ्ठ्यासकट उंच कडांच्या टबमध्ये ठेवून सर्पमित्राला बोलवा, तो खायचं तेल हळूहळू सोडत त्याला सोडवतो.

काम करायचं ते मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी. भिंतीलगतचा विटांचा ढीग आणि लाकूडफाटा भिंतीपासून दूर हलवा, आणि हलवताना लांब काठी वापरा, हात नाही. पालापाचोळ्याचा आणि शेणखताचा ढीग घराला चिकटून नको, त्याच्या उबेत अंडी टिकतात. उंदरांची बिळं खडी आणि सिमेंटनं बुजवा. मोरीच्या, गच्चीच्या आणि बेसिनच्या पाइपांना बारीक जाळी बसवा. करंगळी जाईल एवढी फट पिल्लाला पुरते, त्यामुळे दाराखाली रबरी पट्टी लावा. ती मिळेपर्यंत जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून खिळ्यांनी ठोकली तरी चालते. फक्त ती फरशीला घासून बसली पाहिजे, दोन्ही कोपऱ्यांतसुद्धा.